ओल्डीज ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवायला बोलावलंय, जाऊ का? नागपूरकरांनो, सल्ला हवा

मीटर रीडिंग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वय ५६, नोकरीची दोन वर्षं उरलीत, मुक्काम मानेवाडा. शाळेच्या बँडपथकात क्लॅरिनेट वाजवत होतो. पुढे बारावी, नोकरी, लग्न, प्लॉट, घर. क्लॅरिनेट कोणाच्या माळ्यावर गेलं ते आता आठवतही नाही. सहा वर्षांपूर्वी एक सेकंडहँड आल्टो सॅक्स (सॅक्सोफोनचा लहान प्रकार) मिळाला. क्लॅरिनेटच्या वरच्या सप्तकातली बोटं बरीचशी इथंही चालतात, त्यामुळे हात लवकर बसला. तेव्हापासून रोज संध्याकाळी खिडक्या लावून तासभर वाजवतो. शेजारी अजून बोलतात, म्हणजे बरं वाजत असावं.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एकाच्या निवृत्तीच्या जेवणात दोन गाणी वाजवली. तिथं एका गृहस्थांनी गाठलं. त्यांचा जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे, वर्षाला दहा-बारा कार्यक्रम होतात. त्यांचा सॅक्सवाला मुलाकडे बंगळुरूला कायमचा गेला. "रविवारपासून रिहर्सलला या," म्हणाले. मी भरात हो म्हणून बसलो आणि आता झोप उडाली आहे.

आल्टो पुरेल की टेनर, म्हणजे मोठा, खालच्या आवाजाचा सॅक्स, तोही घ्यावा लागेल? गायक ऐन वेळी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, बदलतात म्हणे, मग काय करायचं? पैशांचं कसं असतं, विचारायचं की मिळेल ते घ्यायचं? आणि शेवटचं, जे विचारायला थोडी लाज वाटते: घरी मोठ्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आता वरातीत वाजवणार का तू?" याला काय उत्तर देता तुम्ही लोक?

जरीपटका ट्रान्सपोज

काका, आधी अभिनंदन आणि मग सांत्वन. मी कीबोर्ड वाजवतो. मागची पाच वर्षं सॅक्सचे पीस, म्हणजे गाण्यामधले वाद्याचे तुकडे, मीच कीबोर्डवर काढून तुमच्यासारख्यांच्या पोटावर पाय देऊन राहिलो होतो. पण खरं सांगतो, स्टेजवर पितळी सॅक्स उभा असला का पब्लिकचे मोबाइल आपोआप वर होतात. आयोजकाला तेच पाहिजे असते. तुम्ही बिनधास्त जा.

फक्त एक ध्यानात ठेवा. माझ्याकडे ट्रान्सपोजचं बटन आहे, तुमच्याकडे नाही. गायकाने "अर्धा सूर खाली घे ना रे" म्हटलं का मी एक बोट दाबतो आणि चहा पितो. तुमचा घाम तिथून सुरू होते.

काळी दोन

धागा दिसला आणि राहवलं नाही. मी अठ्ठावीस वर्षं नागपुरातल्या ऑर्केस्ट्रांत सॅक्स वाजवतोय. दिवसा हार्डवेअरचं दुकान, रात्री हे. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, हे काम काय आहे ते समजून घ्या. तुम्ही घरी गाणं वाजवता, म्हणजे मुखडा, अंतरा, सगळं सॅक्सवर. ऑर्केस्ट्रात गाणं गायक गातो. तुम्हाला बोलावलंय ते मधल्या म्युझिकसाठी. तीन तासांच्या कार्यक्रमात बावीस-चोवीस गाणी होतात. त्यातल्या सहा-सात गाण्यांत खरा सॅक्स असतो. प्रत्येकात एखादा पीस, फार तर दोन, आणि गायकाच्या ओळीमागे थोडी भर. सगळं मिळून हिशेब केला तर रात्रभरात तुमच्या वाट्याला वाजवायला पाच-सहा मिनिटं येतात. उरलेले तास खुर्चीवर.

आणि ती खुर्चीच अवघड आहे, राजेहो. गायकाला मुखडा असतो, हळूहळू चढता येतं. आपण चाळीस मिनिटं गप्प बसलेलो, रीड (माउथपीसवरची पातळ कंपणारी पट्टी) सुकलेली, नळी गार झालेली, आणि एकदम "वन टू थ्री" म्हणत थेट वरच्या सुरावर उडी. पहिलाच सूर फाटला तर दुसऱ्या सुराला कोणी विचारत नाही. म्हणून खुर्चीवर बसल्या बसल्या सॅक्समध्ये नुसता श्वास सोडत राहायचं, आवाज न काढता, आणि आपलं गाणं यायच्या आधी एक गाणं माउथपीस तोंडात धरून ठेवायचा. समोरच्या रांगेला वाटतं हा बाबा झोपला. वाटू द्या.

दुसरी गोष्ट, पीस म्हणजे पीस. १९९७-९८ साली माझा तिसरा की चौथा कार्यक्रम होता. 'काश्मीर की कली' (१९६४) मधलं 'है दुनिया उसी की' होतं. त्या गाण्यात सॅक्स नुसता साथीला नाही, रफीसाहेबांच्या बरोबरीनं बोलतो. मी तेव्हा तरुण, हात गरम. रेकॉर्डवरचा पीस सोडून मी आपल्या मनानं चार नक्षीदार तुकडे घातले. टाळ्या पडल्या. मध्यंतरात एक सत्तरीचे आजोबा स्टेजमागे आले. काही बोलले नाहीत, त्यांनी तो मूळ पीस गुणगुणून दाखवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मींडेसकट, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासकट. मग म्हणाले, "बेटा, मी हे ऐकायला आलो होतो." आणि गेले.

गाण्याचे शब्द लोक विसरतात, अंतरे उलटसुलट करतात, पण मधलं म्युझिक त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं असतं. तीस वर्षं ते मनातल्या मनात वाजवत आलेले असतात. तुमच्यापेक्षा त्यांचा रियाज जास्त आहे.

आल्टो की टेनर: आल्टो. त्या काळच्या हिंदी गाण्यांतले जे सॅक्सचे पीस लोक धरून बसलेत त्यातले कितीतरी मनोहारी सिंग (१९३१-२०१०) यांनी वाजवलेले आहेत, आणि त्यांचं मुख्य वाद्य आल्टो. 'गाइड'मधलं 'गाता रहे मेरा दिल' घ्या की 'आराधना'मधलं 'रूप तेरा मस्ताना' घ्या. त्यामुळे आल्टो घेऊन निश्चिंत जा. टेनरचा आवाज भरदार, पण वजन साडेतीन किलोच्या आसपास, आल्टो अडीच. छप्पन्नाव्या वर्षी मानेला एक किलो म्हणजे काय ते मी साठीत सांगतोय.

पट्टी आणि पैशांचं रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलं.

सदाशिव पेठी सूर

माफ करा, बाहेरचा आहे, पण सॅक्स हे जॅझचं वाद्य ना? सहा वर्षं शिकून दुसऱ्याचे आठ बार (तालाचे ठरावीक तुकडे) तंतोतंत वाजवायचे म्हणजे कारकुनी झाली. इम्प्रोव्हायझेशन कुठं?

जरीपटका ट्रान्सपोज

दादा, तुम्ही पहिले नागपुरात जॅझ ऐकणारे दोनशे लोक जमवा. इम्प्रोव्हायझेशन आमी त्यातच करून राहिलो असतो, गायक दुसऱ्या अंतऱ्यानंतर डायरेक्ट तिसरा सोडून मुखड्यावर आला का.

काळी दोन

हा हा. कारकुनी म्हणा हवं तर. पण तो पीस जसाच्या तसा काढून बघा एकदा. सूर कळतात दहा मिनिटांत. सुरावर यायच्या आधी खालून जबड्यानं घेतलेली ती ओढ, शेवटच्या सुरावर उशिरा सुरू होणारं कंपन, जिभेनं कुठं तोडलंय आणि कुठं नाही, हे उतरवायला महिना जातो. मी आधी पीस तोंडानं गातो. नीट गाता आला की मगच वाद्य उचलतो. धागाकर्त्याला हाच सल्ला.

आता पट्टी. आल्टो हे 'ई फ्लॅट'चं वाद्य, टेनर 'बी फ्लॅट'चं. आपण आल्टोवर 'सी' वाजवतो तेव्हा हार्मोनियमवर काळी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी, वाजते. माझ्या आयडीचा उगम हाच. त्यामुळे गायक काळ्या पट्ट्यांत गात असेल तर तो आपला मित्र समजा. काळी दोनला आल्टोवर 'सी', काळी चारला 'एफ', काळी पाचला 'जी', काळी एकला 'बी फ्लॅट'. सगळ्या बोटाखालच्या. पांढरी चारही सोपी, तिथं 'डी' येतो.

आता गायकानं पांढरी सहा मागितली की आल्टोवर 'एफ शार्प', सहा शार्प, म्हणजे सातातले सहा सूर चढे. पांढरी तीन मागितली तर त्याहून वाईट. आणि गिटारवाल्यांना नेमक्या याच दोन आवडतात, कारण त्यांना 'ए' आणि 'ई' सोप्या. सॅक्सवाला आणि गिटारवाला यांचं पटत नाही त्याचं कारण स्वभाव नाही, हे आहे.

उपाय? बाराही पट्ट्या रोज घोटायच्या, हा खरा उपाय. व्यवहारातला उपाय असा की आयोजकाला स्पष्ट सांगायचं: गाण्यांची यादी पट्टीसकट बुधवारपर्यंत व्हॉट्सअॅपवर पाहिजे. रिहर्सलला ठरलेली पट्टी स्टेजवर बदलली तर मी पीस वाजवणार नाही, कीबोर्डवाल्यानं वाजवावा. एकदा असं खरंच गप्प बसून दाखवा, मग कोणी बदलत नाही.

मावशी ऑन माइक

काळी दोन, तुमचं सगळं मान्य, पण गायकांची बाजूही ऐका. मी साठ पार केलेली, धरमपेठेतली, हौशी गायिका आणि आमच्या ग्रुपची आयोजकही. लताबाईंची मूळ पट्टी आम्हाला आता झेपत नाही. तीन सूर खाली घ्यावं लागतं, आणि त्या दिवशी घसा कसा आहे ते त्या दिवशीच कळतं. मुद्दाम कोणी करत नाही हो.

पैशांबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून मीच लिहिते. धागाकर्ते भाऊ, नागपुरात सध्या निम्म्याहून जास्त कार्यक्रम असे चालतात की गायक स्वतःच पैसे भरतो. एका गाण्याचे इतके, दोनचे तितके. तिकीट फारसं कोणी काढत नाही, पासवर येतात. हॉलचं भाडं, साउंड, लाइट, फ्लेक्स, चहा आणि वादक, सगळं त्या वर्गणीतून. साई सभागृहासारख्या ठिकाणी भागतं, सुरेश भट सभागृह घ्यायचं तर प्रायोजक शोधावा लागतो. त्यामुळे वादकांना द्यायला हात आखडतो हे खरं आहे, आणि तरी वादक हेच एकटे असतात ज्यांना पैसे मिळतात, हेही खरं आहे.

आणि करावके आल्यापासून दर वेळी कोणीतरी विचारतंच, "वादक कशाला? ट्रॅकवर करू, निम्म्यात होईल." मी भांडते त्यांच्याशी. ट्रॅक माझ्यासाठी थांबत नाही. माझी ओळ चुकली तर तबलजी आणि सॅक्सवाला मला सांभाळून घेतात, ट्रॅक पुढे निघून जातो.

काळी दोन

मावशी, तुमच्यासारख्या चार आयोजक असत्या तर मी दुकान विकलं असतं.

आकडे सांगतो, माझ्यापुरते. पहिल्या कार्यक्रमाचे दीडशे रुपये मिळाले होते. आज हॉलमधल्या कार्यक्रमाचे दीड ते अडीच हजार, त्यात दोन रिहर्सल धरलेल्या. लग्नाच्या रिसेप्शनला किंवा कंपनीच्या पार्टीला याच्या दुप्पट-तिप्पट, पण तिथं कोणी ऐकत नाही. पनीर घ्यायच्या रांगेकडे तोंड करून वाजवायचं. गावाबाहेर, म्हणजे अमरावती, चंद्रपूर, छिंदवाडा, जायचं तर गाडी कोणाची आणि परत किती वाजता, हे आधी विचारा. रात्री अडीचला वरोऱ्याजवळच्या ढाब्यावर बसून "आपण हे का करतो" असं मी किमान वीस वेळा म्हटलंय. पुढच्या वेळी परत गेलोय.

पाकीट कार्यक्रमाच्या आधी नाही, पण घरी जायच्या आधी घ्यायचं. "उद्या पाठवतो" म्हणणाऱ्यांकडे माझी अजून तीन पाकिटं आहेत. एक तर २०१४ चं आहे. सुरुवातीलाच आकडा सांगा. तुम्ही नोकरीवाले म्हणून "हौसेनं वाजवतो, काही नको" असं अजिबात म्हणू नका. तुम्हाला नको असेल, पण त्या खुर्चीवर उद्या ज्याचं घर यावर चालतं असा कोणी बसणार असेल तर त्याचा भाव तुम्ही पाडून ठेवता.

आणखी एक, हे माझं खास दुखणं आहे. सॅक्सचं गाणं आयोजक 'धमाका' म्हणून शेवटी ठेवतात. कार्यक्रम साडेसहाचा, सुरू होतो सव्वासातला. मग दीपप्रज्वलन, मग मान्यवरांचे सत्कार, शाल, श्रीफळ, मान्यवरांचं "मी जास्त वेळ घेणार नाही". आणि हॉल रात्री दहाला बंद. एका कार्यक्रमात मी तेविसाव्या गाण्यासाठी महिनाभर तयारी केली होती. एकविसाव्याला हॉलवाल्यानं दिवे मालवले. बायको पहिल्यांदाच ऐकायला आली होती. येताना गाडीवर म्हणाली, "छान बसला होतास."

तेव्हापासून माझी एकच अट, माझं एक गाणं पहिल्या दहात.

मीटर रीडिंग

"छान बसला होतास" वाचून बायकोला वाचून दाखवलं, ती अजून हसते आहे. खूप आभार सगळ्यांचे. वाद्याच्या देखभालीबद्दलही सांगा ना. माझ्या सॅक्सची एक की (बोटानं दाबायची कळ) अधूनमधून चिकटते, आणि मेमध्ये तर सूर वरच जात राहतो. मला वाटलं माझा कान गेला.

कामठीवाला

जय हिंद साहेब. मी फौजेच्या बँडमध्ये होतो, पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो, आता रिटायर होऊन कामठीला स्थायिक आहे. मराठी थोडी मिक्स आहे, समजून घ्या.

कान बरोबर आहे तुमचा. गरमीत नळीच्या आतली हवा गरम, आवाज जलद पळतो, सूर चढतो. थंडीत उलटा, सूर उतरतो. कीबोर्ड मात्र दोन्ही मौसमात तिथेच राहतो. नागपूरला मेमध्ये ४५ च्या वर आणि डिसेंबरच्या रात्री लॉनवर दहाच्या खाली, म्हणजे एकच वाद्य दोन वाद्यांसारखं वागतं. गरमीत माउथपीस थोडा बाहेर ओढा, थंडीत आत ढकला. ढकलायच्या आधी वाद्य फुंकून गरम करा, थंड वाद्यावर ट्यूनिंग करायचं नाही. परेडच्या दिवशी सकाळी आम्हाला हेच पहिले शिकवले होते.

चिकटणारी की बहुतेक 'जी शार्प'ची असणार, सगळ्यांची तीच चिकटते. सिगरेटचा पातळ कागद घ्या, पॅडच्या (भोक झाकणाऱ्या गादीच्या) खाली ठेवा, की हलकी दाबा, सोडा, कागद काढा. ओढू नका, पॅडचं चामडं खराब होतं. सॅक्स चालत्या कूलरच्या समोर ठेवू नका, मी दोन वाद्यं अशी बिघडलेली बघितली. वाजवून झालं की आतून कपडा फिरवायचा, रोज, कितीही थकला असाल तरी.

शिकायला कोणी पाहिजे असेल तर कामठीत फौजेतून निवृत्त झालेले वादक विचारपूस केली तर मिळतात. स्टाफ नोटेशन पक्कं असतं. फिल्मी मींड त्यांच्याकडून नाही मिळणार, ती काळी दोन साहेबांकडून घ्या.

काळी दोन

कामठीवाले साहेबांना सलाम. रीडबद्दल माझी भर: उन्हाळ्यात नागपूरच्या कोरड्या हवेत रीडच्या टोकाला लाटा पडतात, मग ती वाजत नाही, नुसती किंचाळते. चार रीड आळीपाळीनं वापरा, वाजवायच्या आधी दोन मिनिटं पाण्यात ठेवा. दोन नंबर किंवा अडीचच्या पुढं (नंबर कडकपणाचा) जायची गरज नाही, मर्दुमकी म्हणून तीन नंबर लावणारे दुसऱ्या अंतऱ्याला लाल होतात. प्लास्टिकची रीड महाग पडते, पण उघड्या लॉनवर मी तीच लावतो. आवाजाचा गोडवा थोडा कमी, पण भरोसा आहे.

सगळी पॅड्स बदलायची वेळ आली तर मी वाद्य कोलकात्याला नेतो. तिथं रवींद्र सरणीवर लालबाजारच्या बाजूला वाद्यांची जुनी दुकानं आहेत. गीतांजलीनं रात्रीचा प्रवास, सॅक्स उशाशी. सामानाच्या रॅकवर ठेवू नका. का ते विचारू नका.

दात ओठ

मी दंतवैद्य आहे, वाद्याशी संबंध फक्त ऐकण्यापुरता. सॅक्सवाले पेशंट आले आहेत म्हणून सांगते. वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकतात, त्यामुळे ते हलत असतील किंवा कॅप असेल तर आधी दाखवून घ्या. माउथपीसवर चिकटवायची रबरी चकती मिळते, ती लावाच. खालच्या ओठाला आतून जखम होत असेल तर तुम्ही चावून वाजवताय, तो वाद्याचा दोष नाही. आणि काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुंकू नका.

जरीपटका ट्रान्सपोज

डॉक्टरताई, आमच्या एका सॅक्सवाल्याची कवळी कार्यक्रमात सुटली होती. त्याने पीस पूर्ण केला. कसा केला ते आजपर्यंत कोणाले समजलं नाही.

बँडवाल्याचा नातू

सगळे टेनर-आल्टो बोलून राहिले, पण धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. "वरातीत वाजवणार का?" त्यावर मी बोलतो, कारण माझे आजोबा वरातीतच वाजवत होते.

आमचं घर इतवारीकडचं. आजोबांना लिहितावाचता येत नव्हतं. क्लॅरिनेट आणि सॅक्स दोन्ही वाजवत. शुक्रवारी नवीन सिनेमा लागला की बँडमास्तर दोघा-तिघांना पुढच्या तिकिटावर पाठवायचा, ते एकदा पाहून यायचे आणि येत्या लग्नतिथीला ते गाणं वरातीत वाजायचं, म्युझिकच्या पीससकट. कॅसेट नाही, नोटेशन नाही. मेच्या उन्हात, लाल जरीचा कोट घालून, नाचणाऱ्यांच्या धक्क्यात माउथपीस सांभाळत. एका हंगामात ओठ फाटून रक्त यायचं त्यांच्या. रात्री वरात पोचली की वऱ्हाड आत जेवायला जायचं आणि बँडवाल्यांना मांडवाच्या मागं पत्रावळ.

सॅक्स तिथं कसा आला तर मिलिटरी बँडमधून. आदोल्फ साक्स या बेल्जियन माणसानं १८४६ मध्ये पेटंट घेतलं आणि हे वाद्य आधी गेलं ते फौजांच्या बँडमध्येच. मोकळ्या मैदानात ऐकू जावं म्हणून. जॅझ नंतर आलं. म्हणजे रस्त्यावर उभं राहून वाजवणं हेच याचं मूळ काम. स्टेजवर ब्लेझर घालून वाजवणारे तुम्ही लोक नंतरचे.

आजोबांना कोणी सॅक्सोफोनिस्ट म्हटलं नाही. 'बँडवाला' म्हणायचे, तेही आवाज चढवून. त्यांच्या शेवटच्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं त्यांना 'पीस दाखवून द्या' म्हणून बोलावलं. स्टेजवर नाही, रिहर्सलला. त्यांनी दाखवून दिला. स्टेजवर वाजवला दुसऱ्यानं. पोस्टरवर नाव त्याचं.

तुमच्या भावाला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. मला कोणी विचारलं असतं तर मी "हो" म्हटलं असतं.

काळी दोन

नातवा, हात जोडतो. १९९८ मध्ये मला 'आरजू'मधल्या 'बेदर्दी बालमा तुझको'चा पीस असाच एका बँडवाल्या काकांनी दाखवला होता, मोमिनपुऱ्यात, रात्री अकराला, शटर अर्धं ओढून. मी नोटेशन लिहून नेलं होतं. त्यांनी कागद बघितलाही नाही. म्हणाले, "ये लिखा हुआ रख दे, पहले रोना सीख." पैसे घेतले नाहीत, दोन पान लावून आणायला सांगितली. मी गेली इतकी वर्षं तो पीस वाजवतो आणि घोषणा करणारा माझंच नाव घेतो. हे मी आजपर्यंत कुठं लिहिलं नव्हतं.

मावशी ऑन माइक

पुढच्या कार्यक्रमात निवेदन मी करणार आहे. तुम्ही त्या काकांचं नाव मला व्यनि (खाजगी निरोप) करा, काळी दोन.

सदाशिव पेठी सूर

कारकुनी हा शब्द मागे घेतो.

मीटर रीडिंग

काल पहिली रिहर्सल झाली, म्हणून लिहायला आलो.

प्रतापनगरात एका गायकाच्या घराच्या गच्चीवर खोली आहे, तिथं. दहा जण, एक कूलर. त्यांनी माझ्यापुढं सात गाण्यांची यादी ठेवली. पाच माझी बसलेली होती, दोन नाही. मी आकडा सांगितला. गृहस्थ थोडे दचकले, मग म्हणाले, "चालेल, पण टाय तुमचा." ठीक आहे.

तिसऱ्या गाण्याला गायकानं पांढरी सहा मागितली. मी म्हटलं, काळी पाच घेता का, अर्धाच सूर वर आहे. त्यांनी घेऊन बघितली, वरच्या सुराला चेहरा कसनुसा झाला, मग कीबोर्डवाला म्हणाला काळी चार करा. तिथं बसलं. मला वाटलं होतं भांडण होईल, पण कोणाला काही वाटलं नाही. आल्टोवर 'एफ' आला, म्हणजे मी वाचलो.

पीस मात्र दोनदा फाटला. पंचवीस मिनिटं बसून होतो आणि एकदम माझी पाळी आली. श्वास सोडत राहायचं विसरलो होतो. तिसऱ्यांदा नीट वाजला तेव्हा ढोलकवाल्या काकांनी वाजवता वाजवता माझ्याकडे बघून मान हलवली.

भावाला घरी आल्यावर फोन केला. म्हटलं, वरातीचं बोलावणं आलं तर तेही करीन. तो म्हणाला, "मुलाचं लग्न डिसेंबरात आहे, तिथंच वाजव मग, बँडचे पैसे वाचतील." आता हा टोमणा की आमंत्रण, ते कळायला मार्ग नाही.

काळी दोन, डिसेंबरात लॉनवर प्लास्टिकची रीड किती नंबरची लावू?

काळी दोन

दोनचीच. आणि बँड रद्द करू नका म्हणावं भावाला. तुम्ही त्यांच्यात जाऊन उभे राहा.